बोनस सोडणारा संघ

कबड्डीत समोर सात रक्षक उभे असताना चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, तेव्हा जाणता कर्णधार कोपरारक्षकाला एवढंच बजावतो: बोनस गेला तर जाऊ दे, तू झेपावू नकोस. एक गुण जातो, पण साखळी शाबूत राहते. बोनस वाचवायला पुढे धावलेला कोपरा बहुतेक वेळा स्वतःच बाद होऊन बाहेर बसतो. प्रेक्षकांतून मात्र हमखास ओरड होते, "अरे, फुकट गुण देताय!"

तुम्ही म्हणाल, एश्बॉर्नमधून लिहिताना ही कबड्डी कशाला? कारण मला बोलायचं आहे अमेरिकी फुटबॉलबद्दल आणि त्यातल्या कॅन्सस सिटी चीफ्स या संघाबद्दल. या संघाच्या धावत्या खेळावर आणि धावत्या खेळाविरुद्धच्या बचावावर इकडे जो वाद चालतो, तो मराठी माणसाला समजावून द्यायला कबड्डीइतकी जवळची वाट नाही.

आधी गावाबद्दल थोडं. एश्बॉर्न फ्रँकफुर्टच्या वेशीवर आहे. जर्मन शेअर बाजाराचं मुख्यालय इथे आहे, दर १ मेला इथून सायकलची मोठी शर्यत निघते आणि सोमवारी दुपारी ऑफिसच्या जेवणघरात फुटबॉलची चर्चा असते. त्यातलं एक फुटबॉल पायाचं आणि दुसरं अमेरिकी. हे दुसरं इथे कालपरवा आलेलं नाही. महायुद्धानंतर एश्बॉर्नच्या जुन्या विमानतळावर अमेरिकी लष्कराचा तळ होता. तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उठला, पण सैनिकांनी आणलेला खेळ मागे राहिला. जर्मनीतला पहिला अमेरिकी फुटबॉल क्लब १९७७ साली निघाला तो फ्रँकफुर्टातच. पुढे फ्रँकफुर्ट गॅलक्सीने १९९५, १९९९, २००३ आणि २००६ असा चारदा वर्ल्ड बोल जिंकला. त्यामुळे ५ नोव्हेंबर २०२३ रोजी चीफ्स आणि मायामी डॉल्फिन्स फ्रँकफुर्टच्या स्टेडियमवर खेळले, तेव्हा ते पाहणारे सुमारे ५० हजार लोक नवखे नव्हते.

वाद असा आहे. चीफ्सनी फेब्रुवारी २०२० ते फेब्रुवारी २०२५ या काळात पाच वेळा सुपर बोलची अंतिम लढत खेळली आणि तीनदा जिंकली. एक पक्ष म्हणतो, हा संघ क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सच्या हातावर आणि नशिबावर चालतो. त्यांचं धावणं सामान्य आहे, धावणाऱ्यांना अडवणं त्याहून सामान्य, आकडे बघा. दुसरा पक्ष म्हणतो, जिंकतात ना? मग आकडे चुलीत घाला. पहिला पक्ष सरासरी दाखवतो, दुसरा चषक दाखवतो. मला दोन्ही बाजू उथळ वाटतात. सरासरीत डावाची वेळ दिसत नाही आणि चषकात कारण दिसत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी नियमांचं गाठोडं थोडक्यात सोडतो. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. पुढे जायच्या वाटा दोन. क्वार्टरबॅकने चेंडू हवेतून फेकायचा, किंवा रनिंग बॅकच्या हातात देऊन त्याला गर्दीतून धावायला लावायचं. फेकलेला चेंडू एका झटक्यात तीस-चाळीस यार्ड मिळवून देतो, पण तो जमिनीवर पडू शकतो किंवा समोरच्याच्या हाती जाऊ शकतो. धावणाऱ्याला सरासरी चार-साडेचार यार्ड मिळतात. ते कंटाळवाणे वाटतात, पण भरवशाचे असतात. आणि या वादातला कळीचा मुद्दा घड्याळाचा आहे. फेकलेला चेंडू कुणी झेलला नाही तर घड्याळ थांबतं. धावणारा मैदानात आडवा झाला तर घड्याळ चालू राहतं. म्हणजे धावणं हे यार्ड मिळवण्याचं साधन आहे, तसंच समोरच्याचा वेळ खाण्याचंही.

आता चीफ्सकडे वळू. २० जानेवारी २०१९ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्यांना त्यांच्याच घरी ३७-३१ असं हरवलं. पेट्रियट्स त्या दिवशी जमिनीवरून १७६ यार्ड धावले. जवळजवळ ४४ मिनिटं चेंडू त्यांच्याकडे होता. जादा वेळेत तर माहोम्सच्या हाती चेंडू आलाच नाही. बाकावर बसून त्याने आपला हंगाम संपताना पाहिला. धावत्या खेळाविरुद्धचा बचाव खरोखर दुबळा असेल तर काय होतं, त्याचं हे पुस्तकी उदाहरण आहे. त्यानंतर प्रशिक्षक अँडी रीड यांनी बचावाची सूत्रं स्टीव्ह स्पॅग्न्युओलो यांच्याकडे दिली.

एखाद्याला वाटेल, नव्या माणसाने येऊन भिंत बांधली असेल. तसं झालं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये टेनेसी टायटन्सचा डेरिक हेन्री याच बचावाविरुद्ध १८८ यार्ड धावला आणि चीफ्स ३५-३२ असे हरले. दोन महिन्यांनी, १९ जानेवारी २०२० रोजी, तोच हेन्री पुन्हा समोर आला. मधल्या दोन बाद फेऱ्यांत त्याने १८२ आणि १९५ यार्ड काढले होते, आणि टायटन्सनी सुरुवातीला १०-० अशी आघाडीही घेतली. मग मध्यंतराच्या जरा आधी माहोम्स स्वतः चेंडू घेऊन २७ यार्ड धावला, टचडाऊन केला आणि चीफ्स २१-१७ असे पुढे गेले. दुसऱ्या अर्ध्यात हेन्रीच्या नावावर फक्त ७ यार्ड लागले, आणि तेही ३ धावांत. निकाल ३५-२४.

त्या दिवशी हेन्रीला कुणी अडवलं? आकडेपत्रक म्हणेल, बचावाने. माझं म्हणणं, गुणफलकाने. टायटन्स मागे पडले, घाईला आले आणि त्यांनी आपलं सर्वांत चांगलं हत्यार स्वतःहून म्यानात घातलं.

त्याच दिवशी दुसऱ्या उपांत्य लढतीत सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सच्या रहीम मोस्टर्टने २९ धावांत २२० यार्ड आणि ४ टचडाऊन केले होते. त्याच्या क्वार्टरबॅकला सबंध सामन्यात फक्त ८ वेळा चेंडू फेकावा लागला. दोन आठवड्यांनी अंतिम सामन्यात हे फॉर्टीनाइनर्स चीफ्ससमोर आले. तिथेही ते धावले की प्रत्येक धावेला सरासरी सहा यार्डांहून जास्त मिळत होते. २२ धावांत १४१ यार्ड म्हणजे चीफ्सचा बचाव चाळणीच म्हणायचा. चौथ्या पावात ते २०-१० असे पुढे होते. अशा वेळी वेळ खायचा, धावत राहायचं, हे कुणीही सांगेल. त्यांनी मात्र चेंडू फेकण्याची वाट धरली आणि सामन्यात एकूण ३१ वेळा फेकला. मोस्टर्टच्या वाट्याला २९ ऐवजी १२ धावा आल्या. शेवटच्या साडेसहा मिनिटांच्या आत चीफ्सनी २१ गुण केले आणि ३१-२० असा चषक उचलला.

आता फ्रँकफुर्टच्या त्या रविवारकडे या. डॉल्फिन्सचे मुख्य प्रशिक्षक होते माइक मॅकडॅनियल. फॉर्टीनाइनर्सचा धावता खेळ आखण्यात ज्यांचा हात होता, तेच हे गृहस्थ. धावणारा होता तोच मोस्टर्ट. याच डॉल्फिन्सनी सप्टेंबर २०२३ मध्ये डेन्व्हरविरुद्ध ७० गुण केले होते आणि त्यात ३५० यार्ड नुसते जमिनीवरून काढले होते. फ्रँकफुर्टात मोस्टर्टने काय केलं? १२ धावा, ८५ यार्ड. प्रत्येक धावेला सात यार्ड! आणि तरीही फक्त १२ धावा. कारण पुन्हा तेच. मध्यंतराच्या जरा आधी टायरीक हिलच्या हातून चेंडू निसटला, चीफ्सच्या माइक एडवर्ड्सने तो उचलून ब्रायन कुककडे दिला आणि कुक ५९ यार्ड धावत गेला. फलक २१-० झाला. त्यानंतर डॉल्फिन्सना प्रत्येक सात यार्डांची धाव ही वेळेची उधळपट्टी वाटू लागली. दुसऱ्या अर्ध्यात चीफ्सना एकही गुण मिळाला नाही, डॉल्फिन्सनी १४ केले. शेवटच्या प्रयत्नात क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू नीट आलाच नाही आणि सामना २१-१४ असा संपला. सात गुणांचं अंतर ही काही धावणं सोडून देण्याजोगी दरी नव्हे.

इथे तुम्ही एक रास्त आक्षेप घ्याल. पुढे असलेला संघ वेळ खायला धावतो, मागे असलेला फेकतो. मग जास्त धावणारा जिंकताना दिसणारच. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं असं कुणी म्हणतं का? आक्षेप बरोबर आहे आणि "जास्त धावा, म्हणजे जिंकाल" असं सांगणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर तो मारायला हवा. पण माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो तपासायला असा सामना हवा जिथे दरी लहान होती, वेळ भरपूर होता आणि तरीही धावणं सोडलं गेलं. तसा सामना आहे.

२८ जानेवारी २०२४. बॉल्टिमोर रेव्हन्स विरुद्ध चीफ्स. त्या हंगामात धावून सर्वांत जास्त यार्ड मिळवणारा संघ म्हणजे रेव्हन्स. चीफ्स कमी गुण देणाऱ्या संघांत दुसरे होते, पण धावत्या खेळाविरुद्ध त्यांचा बचाव मधल्या फळीतला. म्हणजे कुलूप सैल होतं आणि किल्ली रेव्हन्सच्या खिशात होती. मध्यंतराला चीफ्स १७-७ असे पुढे. दहा गुण, अर्धा सामना बाकी, आणि दुसऱ्या अर्ध्यात चीफ्सना एकही गुण करता आला नाही. तरी संपूर्ण सामन्यात रेव्हन्सच्या रनिंग बॅकना मिळून फक्त ६ वेळा चेंडू दिला गेला! क्वार्टरबॅक लमार जॅक्सन आणि इतरांच्या धरून १६ धावा, ८१ यार्ड, म्हणजे सरासरी पाचच्या वर. समोर चीफ्सच्या आयसाया पचेकोच्या २४ धावा, ६८ यार्ड. सरासरी तीनही नाही. निकाल चीफ्स १७, रेव्हन्स १०.

सरासरीवाल्या पक्षाला मी हा एकच सामना दाखवीन. सरासरीने रेव्हन्स सरस धावले. सामना मात्र पचेकोच्या २४ कंटाळवाण्या धावांनी झिजवला. कबड्डीत आघाडीवर असलेला संघ शेवटच्या मिनिटांत रिकाम्या चढाया करतो, रेषेला पाय लावून तीस सेकंद खाऊन परत येतो, तशा त्या धावा होत्या. रिकाम्या चढाईला गुण नसतो म्हणून तिला किंमत नाही, असं कबड्डीतला कोणताही जाणकार म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात चीफ्सच्या जेरिक मॅकिनॉनने तर याचा कळस केला. गुणरेषा मोकळी दिसत असताना तो मुद्दाम अलीकडेच घसरून बसला, म्हणजे घड्याळ चालत राहावं. मग ८ सेकंद उरले असताना चीफ्सनी सोपी किक मारून फिलाडेल्फिया ईगल्सना ३८-३५ असं हरवलं. त्या धावेचे यार्ड मोजून तुम्हाला काय कळणार?

बचावाचंही तसंच. स्पॅग्न्युओलो मैदानाच्या मध्यावर चार-पाच यार्डांची धाव देऊन टाकतात. तो त्यांचा बोनस. त्या बदल्यात लांबचा फेकलेला चेंडू ते मिळू देत नाहीत आणि समोरच्याला एकेक पायरी चढायला लावतात. दहा-बारा पायऱ्या चढायच्या म्हणजे कुठे तरी पाय घसरणार, या हिशेबावर त्यांची भिस्त आहे. पण खरोखरच्या "करो या मरो" क्षणी हा बचाव बदलतो. २६ जानेवारी २०२५ रोजी बफलो बिल्स चौथ्या पावात २२-२१ असे पुढे होते. चौथा प्रयत्न, एकच यार्ड हवा. क्वार्टरबॅक जॉश ॲलन, सहा फूट पाच इंचांचा गडी, गर्दीत घुसला आणि चीफ्सनी त्याला तिथेच रोखलं. सामना चीफ्सनी ३२-२९ असा जिंकला. मैदानाच्या मध्यावरचे पाच यार्ड त्यांनी दिले असते, तो एक यार्ड दिला नाही. सरासरी काढताना हे दोन्ही यार्ड एकाच पोत्यात भरले जातात.

माझ्या मते यातून एकच गोष्ट निघते. चीफ्सच्या सत्तेच्या काळात त्यांच्या धावत्या खेळाविरुद्धच्या बचावाचा सर्वांत मोठा आधार होता समोरच्याचा धीर सुटणं. माहोम्सच्या हाती चेंडू परत गेला तर काय होईल, या धाकाने मोठमोठे संघ आपला बोनस घ्यायचा सोडून झेपावले. ज्यांनी धीर धरला त्यांनी चीफ्सना घाम फोडला. बिल्सनी २१ जानेवारी २०२४ रोजी तब्बल ३९ धावा केल्या, १८२ यार्ड घेतले, ३७ मिनिटं चेंडू आपल्याकडे ठेवला आणि २७-२४ असे हरले ते शेवटची किक बाहेर गेल्यामुळे. धाकाला बळी न पडणारा संघ चीफ्सना एका किकेच्या अंतरापर्यंत नेऊ शकत होता. चषकवाल्या पक्षाने हे विसरू नये.

आणि मग ९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लीन्स. इथल्या घड्याळात १० तारखेची साडेबारा वाजलेली रात्र. समोर पुन्हा ईगल्स. त्यांच्या सेक्वॉन बार्कलीने हंगामात २००५ यार्ड धाव घेतली होती. दोन्ही पक्षांनी आधीचे पंधरा दिवस एकाच प्रश्नावर घालवले: चीफ्स बार्कलीला अडवतील का?

चीफ्सनी अडवलं. २५ धावा, ५७ यार्ड. त्यांच्या बचावाची ही पाच वर्षांतली सर्वांत चोख कामगिरी म्हणायला हवी. आणि सामना ते ४०-२२ असे हरले, तोही एकदा ३४-० असे मागे पडून.

हे कसं घडलं, ते नीट पाहण्यासारखं आहे. बार्कलीसाठी चीफ्सनी माणसं पुढे आणली. म्हणजे यावेळी बोनस वाचवायला तेच झेपावले, आणि जेलन हर्ट्सला हवेतली वाट मोकळी मिळाली. तो स्वतःही ७२ यार्ड धावला. तरीही ईगल्सनी धावणं सोडलं नाही. धाव मिळो न मिळो, त्यांनी ४५ वेळा चेंडू जमिनीवरून नेला, तीन-तीन यार्डांनी. रिकाम्या चढाया त्या रात्री ईगल्सनी केल्या. दुसऱ्या बाजूला चीफ्सच्या सगळ्या मिळून ११ धावा झाल्या आणि त्यांतल्या ४ माहोम्सच्याच. धावण्याची भीतीच नसल्यामुळे ईगल्सनी एकदाही जादा माणूस क्वार्टरबॅकवर सोडला नाही. पुढची चौकडीच माहोम्सला सहा वेळा आडवं करून गेली. मध्यंतरापर्यंत चीफ्सच्या आक्रमणाला एकूण २३ यार्ड मिळाले होते. पाच वर्षं ज्या घाईवर ते जगले, तीच घाई त्या रात्री त्यांच्या वाट्याला आली.

दुसऱ्या दिवशी एश्बॉर्नात जो तो आपापला विजय साजरा करत होता. सरासरीवाले म्हणाले, बघा, यांना धावता येतच नव्हतं. चषकवाले म्हणाले, एक दिवस सगळ्यांचाच वाईट जातो. पण बार्कलीच्या ५७ यार्डांचं काय करायचं, ते कुणीच सांगेना. सरासरीच्या हिशेबात तो आकडा विजयाचा होता. चषकाच्या हिशेबात त्याला जागाच नव्हती.

म्हणून वाचकहो, पुढच्या हंगामात हा खेळ पाहायला बसाल तेव्हा माझी एक सूचना ऐका. धावून किती यार्ड मिळाले हा आकडा पडद्यावर येईल. तो येऊ द्या. तुम्ही तीन गोष्टी पाहा. धाव मिळत असताना ती सोडून देणारा संघ कोणता, आणि फलकावर तेव्हा दरी किती होती? चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा असताना बचावाची भिंत कशी उभी राहते? आणि आघाडीवरच्या संघाला वेळ खाता येतो का, की तोही चेंडू फेकतच सुटतो? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की सत्ता कुणाकडे आहे ते कळतं, आणि ती कधी हातून निसटणार याचा अंदाजही येतो.

बलाढ्य संघाची कीर्ती ही अर्धी त्याची असते आणि अर्धी समोरच्याच्या धास्तीची. चीफ्सनी ही दुसरी अर्धी वर्षानुवर्षं खर्चाला वापरली आणि त्या पैशात तीन चषक आणले. हे त्यांचं नशीब नव्हतं. बोनस कधी सोडायचा, हे त्यांना समोरच्यापेक्षा जास्त कळत होतं. ज्या रात्री समोरचा घाबरला नाही, त्या रात्री मात्र घरचं किती आहे ते उघड्यावर आलं, आणि धावत्या खेळाचं कपाट त्यांनी बरीच वर्षं रिकामं ठेवलं होतं.